विषाणू पेशीला कॅन्सरकडे कसा नेतो: एका कोंबडीपासून गर्भाशयमुखापर्यंत

कोंबडीचं दहा दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं, आतला गर्भ काढून त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि साखर, क्षार आणि रक्तद्रव मिसळलेल्या पाण्यात, एका सपाट काचेच्या बशीत सोडायच्या. काही तासांत त्या तळाला चिकटतात, लांबट होतात, पसरतात. मग विभागायला लागतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार. काही दिवसांत बशीचा तळ भरून जातो आणि तिथे त्या थांबतात. वर पाणी आहे, पाण्यात खायला आहे, तरीही थांबतात. शेजारणीचा स्पर्श झाला की पेशी पुढे रेटत नाही आणि तिच्या अंगावर चढत नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर एकाच थराची, नीट विणलेली चटई अंथरल्यासारखी दिसते.

आता तशाच दुसऱ्या बशीत राउस सार्कोमा नावाच्या विषाणूचा अगदी पातळ केलेला थेंब टाकायचा. पहिले एक-दोन दिवस काही कळत नाही. आठवडाभरात मात्र त्या चटईवर मधूनच ढीग उठलेले दिसतात. त्या ढिगांतल्या पेशी लांबट उरलेल्या नसतात. त्या गोल, टपोऱ्या, प्रकाशात चकाकणाऱ्या असतात आणि एकमेकींच्या डोक्यावर चढून बसलेल्या असतात.

आपल्याला विषाणू म्हटलं की पेशी मारणारा जीव आठवतो. पोलिओचा विषाणू पेशीत शिरतो, हजारो प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. इथे तसं काहीच घडत नाही. पेशी मरत नाही, उलट थांबायचं कुठे हेच विसरून जगत राहते. या बदलाला संशोधक पेशीचं ‘रूपांतर’ म्हणतात, आणि कॅन्सरबद्दल आज आपल्याला जे कळलं आहे त्याचा फार मोठा भाग या बशीतल्या ढिगाकडे टक लावून बघण्यातून आला आहे.

रूपांतर झालं हे ओळखायचं कसं? चढाचढ ही पहिली खूण. दुसरी खूण आधार सोडण्याची. शरीरातली बहुतेक निरोगी पेशी कशाला तरी चिकटून असेल तरच विभागते. तिला पातळ खिरीसारख्या अगारमध्ये अधांतरी ठेवलं तर ती गप्प बसते. रूपांतरित पेशी तिथेही वाढते आणि छोटी गोळी तयार करते. निरोगी पेशीला विभागण्यासाठी रक्तद्रवातल्या वाढीच्या संदेशांची गरज असते, रूपांतरित पेशीचं त्यातल्या थोडक्यावर भागतं. ती साखर भराभर ओढून घेते. पुष्कळदा निरोगी पेशी ठरावीक वेळा विभागून म्हातारी होते, तर रूपांतरित पेशींच्या काही वंशावळी थकतच नाहीत. आणि शेवटची, सगळ्यांत कडक परीक्षा म्हणजे या पेशी योग्य प्राण्याला टोचल्या तर तिथे गाठ येते.

तरीही मी या पेशींना ‘कॅन्सरसारख्या’ म्हणेन, नुसतं ‘कॅन्सर’ म्हणणार नाही, ते मुद्दाम. कॅन्सर हा शरीरात घडणारा आजार आहे. तिथे गाठीला रक्तवाहिन्या लागतात, प्रतिकारशक्तीला चुकवावं लागतं, दूरच्या अवयवात जाऊन रुजावं लागतं. बशीत आपल्याला त्या लांबलचक वाटेची सुरुवात तेवढी दिसते. पण ती नितळ दिसते, आणि नितळ दिसणं ही संशोधनात फार मोठी गोष्ट असते.

या विषाणूची गोष्ट १९०९ साली सुरू होते. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरून एक शेतकरी आपली प्लिमथ रॉक जातीची कोंबडी घेऊन रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आला. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. पेटन राउस हा तिशीतला डॉक्टर तिथे गाठींवर काम करत होता. त्याने गाठीचे तुकडे त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांमध्ये रुजवून पाहिले, ते रुजले. मग त्याने गाठ वाटली, क्षारयुक्त पाण्यात कालवली आणि ते पाणी अशा बारीक गाळणीतून काढलं की पेशीही पलीकडे जाणार नाहीत आणि जीवाणूही नाहीत. ते नितळ पाणी टोचल्यावरही कोंबड्यांना गाठी झाल्या. १९११ साली त्याने हे प्रसिद्ध केलं.

त्याच्या तीन वर्षं आधी कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बँग यांनी कोंबड्यांच्या रक्ताच्या कॅन्सरबाबत असंच दाखवलं होतं, पण रक्ताच्या त्या आजाराला तेव्हा कोणी कॅन्सर मानतच नव्हतं. राउसच्या वाट्यालाही शंकाच आल्या. गाळणी गळकी असेल, कोंबडीचं वेगळं असेल, ही खरी गाठच नसेल. उंदरांमध्ये असं काही त्याला सापडेना, आणि शेवटी त्याने हा विषय बाजूला ठेवला. त्याला नोबेल मिळालं ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. मूळ शोधनिबंधानंतर पंचावन्न वर्षांनी!

मधल्या काळात हा विषय पुन्हा वर आला तो सुरुवातीला सांगितलेल्या बशीमुळे. १९५८ साली कॅलिफोर्नियात हॅरी रुबिन आणि हॉवर्ड टेमिन यांनी या ढिगांची मोजणी बसवली. विषाणूचं द्रावण निम्मं पातळ केलं की ढीगही निम्मेच होत. म्हणजे एका ढिगाला एकच विषाणू पुरत होता. कोंबडीला गाठ येण्याची वाट बघत बसायला नको, बशीतले ढीग मोजा आणि प्रयोग पुढे न्या. कॅन्सरसारखी गुंतागुंतीची गोष्ट मोजता येऊ लागली, हे मला त्या काळातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

टेमिनला या ढिगांत आणखी एक गोष्ट खटकत होती. रूपांतरित पेशी विभागली की तिच्या लेकीही रूपांतरितच निघत, नातीही तशाच. विषाणूचं काहीतरी पेशीच्या वारशात मिसळलं असल्याशिवाय हे कसं होईल? पण राउसच्या विषाणूत डीएनए नाही, त्याचं भावंड असलेलं आरएनए आहे, आणि पेशीचा वारसा तर डीएनएत लिहिलेला. टेमिनने १९६४ साली म्हटलं की हा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून घेत असला पाहिजे. त्यावर फारसं कोणी विश्वास ठेवला नाही. १९७० साली त्याने सातोशी मिझुतानीबरोबर, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, हे उलटं लेखन करणारं विकर (एन्झाइम) विषाणूच्या आतच दाखवून दिलं.

विषाणू पेशीत शिरतो, आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो आणि ती पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो. त्यानंतर पेशी आपल्या वहीची नक्कल करते तेव्हा या घुसडलेल्या पानाचीही नक्कल होते. पेशीच्या सगळ्या पुढच्या पिढ्यांकडे ते पान जातं.

मग प्रश्न उरतो की त्या पानावर असं काय लिहिलेलं असतं.

इथे माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग येतो. १९७० साली स्टीव्ह मार्टिन याने बर्कलीत राउस विषाणूचा एक बिघडलेला नमुना शोधून काढला. त्याची लागण झालेल्या पेशी ३६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर त्यांचं रूपांतर व्हायचं. ४१ अंशांना ठेवल्या तर पेशी साध्याच राहायच्या. (कोंबडीच्या अंगाचं तापमानच साधारण ४१ असतं, त्यामुळे तिच्या पेशींना ही उष्णता बाधत नाही.) महत्त्वाचं हे की ४१ अंशांनाही विषाणूच्या नव्या प्रती नीट तयार होत होत्या. आणि रूपांतर झालेली बशी उचलून ४१ अंशांत ठेवली, तर गोल झालेल्या पेशी पुन्हा पसरायच्या, सरळ व्हायच्या, आपल्या जागी बसायच्या. परत ३६ला आणल्या की परत ढीग.

यातून दोन गोष्टी एकदम उघड झाल्या. रूपांतर घडवणारं जनुक वेगळं आहे आणि विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी त्याची गरज नाही. आणि दुसरी, जी मला अधिक मोलाची वाटते: हा बदल एकदा धक्का दिला आणि संपलं असा नसतो. त्या जनुकाचं प्रथिन सतत काम करत असेल तरच पेशी बिघडलेली राहते. त्याचं काम थांबलं की पेशीला परतीची वाट असते. हा धागा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

त्या जनुकाला सार्कोमावरून ‘सार्क’ असं नाव पडलं. आता विषाणूकडे त्याचा उपयोगच नाही, तर ते त्याच्याकडे आलं कुठून? सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेहेलिन याने एक कसोटी तयार केली. रूपांतर करणाऱ्या विषाणूवरून किरणोत्सारी डीएनएचे तुकडे काढले, रूपांतर न करणाऱ्या विषाणूशी जुळणारे सगळे तुकडे वगळले, आणि उरला तो केवळ सार्कचा भाग. हा तुकडा घेऊन शोध सुरू झाला. तो जुळला एका निरोगी कोंबडीच्या डीएनएशी, जिला कधी हा विषाणू शिवलाही नव्हता! मग लाव्हा, टर्की, बदक आणि थेट एमूच्या डीएनएशीही जुळला. हा शोधनिबंध १९७६ सालचा. पुढे सार्क माणसात सापडलं आणि स्पंजासारख्या अगदी साध्या प्राण्यांतही.

इतक्या दूरच्या प्राण्यांमध्ये जे जनुक कोट्यवधी वर्षं जपलं गेलं आहे ते काही कॅन्सर घडवण्यासाठी जपलेलं नसणार. ते पेशीचं स्वतःचं, रोजच्या कामाचं जनुक आहे. चोरी विषाणूने केली आहे. त्याचा पुरावाही जनुकातच आहे: पेशीतल्या सार्कमध्ये मधूनमधून न वाचले जाणारे लांब तुकडे असतात, विषाणूच्या सार्कमध्ये ते नसतात. डीएनएवरून आरएनएची प्रत तयार झाल्यावर पेशी तिच्यातून हे तुकडे कापून टाकते. म्हणजे चोर कपाटात शिरला नव्हता, त्याने कापून-शिवून तयार झालेला माल उचलला होता.

बिशप आणि वार्मस यांना १९८९चं नोबेल मिळालं. पण नोबेलपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कॅन्सरकडे बघण्याची दृष्टी फिरली. कॅन्सरचं बी बाहेरून येऊन पेरलं जातं असं नाही. ज्या जनुकांमुळे पेशी वाढते, हलते, जखम भरते, तीच जनुकं हाताबाहेर गेली की कॅन्सरकडे नेतात. तंबाखूच्या धुराने बिघडली, उन्हाने बिघडली, नुसत्या नकलेतल्या चुकीने बिघडली किंवा विषाणूने बिघडवली, जनुकं तीच.

सार्कचं प्रथिन करतं काय? इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा छोटासा टिळा लावतं. टिळा लागला की ते प्रथिन जागं होतं किंवा झोपतं. असे टिळे लावणारी विकरं आधीच ठाऊक होती, पण ती सेरीन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर लावत (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी). १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर उंदरांच्या पॉलिओमा विषाणूवर काम करताना अमिनो आम्लं वेगळी करण्याचा एक द्रव वापरत होता. तो पुन्हा पुन्हा वापरून शिळा झाला होता आणि त्याची आम्लता थोडी बदललेली होती. ताज्या द्रवात जो डाग एकच दिसला असता तो त्या शिळ्या द्रवात फुटून दोन झाला, आणि तिसरंच नाव पुढे आलं: टायरोसिन. सार्कही टायरोसिनवरच टिळा लावतं हे लगेच स्पष्ट झालं. निरोगी पेशीत टायरोसिनवरचे टिळे फार दुर्मीळ, एकूण टिळ्यांत दहा हजारांत तीनेक. राउस विषाणूने बदललेल्या पेशीत ते सुमारे दहा पट होतात.

आता हे टिळे कुठे लागतात ते बघा, म्हणजे बशीतलं चित्र उलगडतं. पेशी तळाला जिथे पाय रोवते तिथल्या प्रथिनांवर लागले की पकड सुटते, म्हणून पेशी गोल होते. पेशीच्या आतल्या तंतूंच्या सांगाड्याची मांडणी ढासळते, म्हणून लांबट आकार जातो. ‘वाढ’ हा बाहेरून येणारा निरोप केंद्रकापर्यंत नेणाऱ्या साखळीवर लागले की निरोप आलेला नसतानाही आल्यासारखा होतो, म्हणून रक्तद्रव कमी असला तरी विभाजन चालू राहतं. एक जनुक, एक प्रथिन, आणि एवढे परिणाम.

पण मग निरोगी पेशीतलं सार्क हेच का करत नाही? कारण त्याला कडी आहे. सार्क प्रथिनाच्या शेपटीवर एक टायरोसिन असतं. दुसरं एक विकर येऊन त्याच्यावर टिळा लावतं, आणि टिळा लागलेली ती शेपूट प्रथिनाच्या स्वतःच्याच अंगावरच्या एका खाचेत जाऊन बसते. शेपूट ही कडी आणि खाच हा कोयंडा. कडी बसली की दार बंद. बाहेरून खरंच निरोप आला तर कडी निघते, काम होतं, पुन्हा बसते. विषाणूने जनुक चोरताना शेपटीकडची १९ अमिनो आम्लं गेली आणि त्यांच्या जागी दुसरीच १२ आली. त्यांत ते टायरोसिन नाही. दार आहे, खाच आहे, कडीच नाही. ते दार उघडंच राहतं.

सगळेच विषाणू अशी चोरी करतात असं नाही. राउस विषाणूच्याच कुळातल्या एका विषाणूकडे चोरलेलं जनुक नसतं, तरी तो कोंबड्यांना कॅन्सर देतो, फक्त महिनोन्महिने लागतात. तो आपलं पान डीएनएत कुठेही शिवतो, आणि दुर्दैवाने ते ‘मिक’ नावाच्या वाढीच्या जनुकाच्या शेजारी शिवलं गेलं तर विषाणूचा स्वतःचा ‘जोरात वाचा’ हा आदेश त्या शेजाऱ्यालाही लागू होतो. हे १९८१ साली उलगडलं.

डीएनए असलेले काही विषाणू आणखी वेगळ्या वाटेने जातात, आणि तीच वाट माणसासाठी अधिक महत्त्वाची आहे. त्यांची अडचण समजून घेतली की सगळं आपोआप कळतं. अशा छोट्या विषाणूकडे डीएनएच्या प्रती काढायची सगळी यंत्रणा नसते, ती पेशीची वापरावी लागते. पण पेशी विभागत नसेल तेव्हा ती यंत्रणा बंद असते. गिरणी बंद, आणि याला तर दळण हवं आहे. म्हणून तो गिरणी चालू करायला लावतो.

गिरणी बंद ठेवणारं प्रथिन म्हणजे आरबी. ते विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतं. दुसरं प्रथिन पी-५३. काही भलतं घडतंय, डीएनए तुटलाय, अवेळी विभाजन सुरू झालंय असं जाणवलं की ते पेशीला थांबवतं, आणि गरज पडली तर तिला स्वतःला संपवायला लावतं. गंमत म्हणजे हे पी-५३ सापडलंच मुळी विषाणूमुळे. १९७९ साली माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं पेशीचं एक अनोळखी प्रथिन काही संशोधकांना दिसलं, ते हेच. आज माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं आढळतं.

एसव्ही-४०चं वागणं फार बोलकं आहे. माकडाच्या पेशीत तो नीट वाढतो, प्रती काढतो आणि पेशी मरते. हॅम्स्टरच्या पेशीत त्याला प्रती काढता येत नाहीत. तिथे तो गिरणी चालू करतो, पण दळण काही होत नाही. पेशी जगते आणि क्वचित कायमची रूपांतरित होते. म्हणजे इथला कॅन्सर हा विषाणूचा डाव नसतो, त्याचा फसलेला डाव असतो. मेलेल्या पेशीला गाठ येत नाही.

माणसात हीच गोष्ट ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन डॉक्टरच्या गटाने १९८३-८४ साली गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही १६ आणि १८ हे दोन प्रकार शोधले. या आजाराचे जगातले सुमारे ७० टक्के रुग्ण या दोघांमुळे होतात. हा विषाणू बारीक खरचटलेल्या जागेतून अस्तराच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो. तिथल्या पेशी विभागत वर सरकतात, वर गेल्या की विभागणं थांबवतात आणि झडतात. विषाणूला प्रती काढायच्या असतात त्या या वरच्या, थांबलेल्या थरात. म्हणून त्याचं ई-७ हे प्रथिन आरबीला बाजूला करतं, आणि आरबी गेल्यावर सावध होणाऱ्या पी-५३वर ई-६ हे प्रथिन पेशीच्याच मदतीने ‘मोडीत काढा’ अशी चिठ्ठी डकवतं. पेशीची मोडतोड यंत्रणा ते मोडून टाकते.

इतकं होऊनही बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत प्रतिकारशक्ती हुसकावून लावते. थोड्यांमध्ये तो राहतो. त्यातल्या काहींमध्ये, काही वर्षांनी, विषाणूचा गोलाकार डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत अडकतो. तुटताना पुष्कळदा ई-२ हे जनुक मोडतं, आणि नेमकं तेच ई-६ आणि ई-७ला आवर घालत असतं. आवर सुटला की ती दोन्ही प्रथिनं भरमसाट बनतात. पी-५३ची राखण नसल्याने डीएनएतल्या नव्या चुका साठत जातात. बशीतल्या राउस विषाणूसारखं इथे एका जनुकात आठवड्याभरात काम होत नाही. पुढे आणखी चुका घडाव्या लागतात, त्याला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. आणि ज्या पेशीत हे होतं तिथून नवा विषाणू बाहेर पडतच नाही. त्याचीही वाट खुंटते.

आता मार्टिनची ती ४१ अंशांची बशी आठवा. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या ‘हीला’ पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वाढतात. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे. २०००च्या सुमारास संशोधकांनी या पेशींत ई-२ परत घातलं. ई-६ आणि ई-७ बंद पडले, आरबी आणि पी-५३ पुन्हा कामाला लागले, आणि जवळपास पन्नास वर्षं न थकता विभागत आलेल्या त्या पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या. इतक्या वर्षांत किती चुका साठलेल्या, तरी थांबण्याचं वळण मोडीत निघालेलं नव्हतं, दाबून ठेवलेलं होतं. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचवेना.

याच समजुतीवर औषधंही उभी राहिली. उंदरांच्या एबलसन विषाणूने चोरलेलं ‘एबल’ हे जनुक सार्कच्याच जातीचं, टायरोसिनवर टिळा लावणारं. माणसाच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, सीएमएलमध्ये, विषाणूचा काही संबंध नसताना हेच जनुक दुसऱ्या जनुकाला चिकटून कायम चालू राहतं. ते बंद करणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. आज हा आजार असलेली कितीतरी माणसं रोज ती गोळी घेऊन नोकरी-धंदा करतात.

दोन शंका नेहमी विचारल्या जातात, त्यांचं उत्तर इथेच देतो. कोंबडी खाल्ल्याने माणसाला राउस विषाणूचा कॅन्सर होतो असा काहीही पुरावा नाही. आणि विषाणू पसरतो, कॅन्सर पसरत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बाईचं ताट-वाटी वेगळी काढणारी घरं अजूनही आहेत, आणि हे ऐकलं की जीव तुटतो. तिच्या हातचं खाल्ल्याने, तिला मिठी मारल्याने कुणाला काही होत नाही. एचपीव्ही लैंगिक संबंधातून आणि त्वचेच्या जवळच्या स्पर्शातून पसरतो, आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. नवऱ्याशिवाय कुणाचा स्पर्श नसलेल्या बाईलाही तो होतो. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवणं हे अज्ञान आहे आणि क्रूरही आहे.

पेशी बिघडायला दहा-वीस वर्षं लागतात, याचा एक फायदा आहे: मध्ये गाठायला वेळ मिळतो. हे जगाला दाखवून देण्यात आपल्या धाराशिवचा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचा, मोठा वाटा आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. चार गटांपैकी एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली आणि गरज असेल त्यांच्यावर उपचार झाले. त्या ३४,१२६ जणींपैकी पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्या ३१,४८८ जणींची तपासणी झाली नव्हती, त्यांच्यापैकी ६४. या गटाला नुसती माहिती देऊन तपासणीविना ठेवलं यावर नंतर आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. त्या चौसष्ट जणींचं ऋण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांवर कायम राहील.

चाचणी मध्ये गाठते, लस आधीच अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस २०२३ साली बाजारात आली. लसीतून उलट कॅन्सरच होईल का, अशी धास्ती आयांना वाटते, आणि इथवर वाचल्यावर त्याचं उत्तर तुम्हीही देऊ शकाल. या लसीत विषाणूच्या फक्त बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं, तेही यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतलेलं. ते आपोआप जुळून पोकळ गोळे बनतात. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत काही नाही. ई-६ नाही, ई-७ नाही, पेशीच्या डीएनएत शिवायला एक अक्षरसुद्धा नाही. शरीर ते कवच ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की पेशीत शिरण्याआधीच त्याला धरतं. आधीच शिरलेल्या विषाणूला मात्र ती बाहेर काढू शकत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस अशी देतात. आणि तिशी ओलांडलेल्या आईने, मावशीने, काकूने लस घेतली असो वा नसो, एकदा एचपीव्हीची चाचणी करून घ्यायची.